बोरिस स्पास्कीची कीर्ती रेक्याविकच्या आधीची आहे

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: बोरिस स्पास्की हा सोव्हिएत बुद्धिबळपटू जेमतेम तीन वर्षे जगज्जेता होता, १९७२ मध्ये आइसलंडमधील रेक्याविक येथे अमेरिकेच्या बॉबी फिशरने त्याला स्पष्टपणे हरवले, आणि तरीही २७ फेब्रुवारी २०२५ रोजी मॉस्कोत वयाच्या ८८व्या वर्षी त्याचे निधन झाले तेव्हा जगभरच्या बुद्धिबळपटूंनी ज्या जिव्हाळ्याने त्याची आठवण काढली, तो जिव्हाळा नेमका कशाबद्दल होता? त्याच्या खेळाबद्दल, की फिशरसमोर बसलेला माणूस म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीबद्दल?

मी गेली तीस वर्षे मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि त्यातला बराच काळ स्पास्कीचे डाव पटावर मांडण्यात गेला आहे, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. सर्वसामान्य वाचकाच्या मनातला स्पास्की १९७२ सालाने घडवला, यात शंका नाही. परंतु खेळाडूंच्या मनातला स्पास्की त्याच्या किमान बारा वर्षे आधीपासून मोठा होता. आणि रेक्याविकमध्येही त्याचा मान ज्या गोष्टीने वाढला ती गोष्ट म्हणजे तिसरा डाव खेळायला त्याने दिलेला होकार. त्या होकाराची किंमत त्याला जगज्जेतेपद देऊन मोजावी लागली.

आधीपासून मोठा होता याचा एक पुरावा खुद्द फिशरनेच देऊन ठेवला आहे. १९६४ च्या सुरुवातीला फिशरने इतिहासातील दहा सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटूंची स्वतःची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत इमॅन्युएल लास्कर नव्हता, मिखाईल बोटविनिकही नव्हता; म्हणजे २७ वर्षे जगज्जेता राहिलेल्या माणसाला आणि सोव्हिएत बुद्धिबळाच्या पितामहाला फिशरने सरळ वगळले होते. स्पास्की मात्र त्या यादीत होता. तेव्हा स्पास्की २६ वर्षांचा होता, जगज्जेतेपदाची एकही लढत खेळलेला नव्हता आणि ते पद मिळायला आणखी पाच वर्षे होती. फिशर कुणाचे कौतुक उगाच करणाऱ्यांतला नव्हता. चार वर्षांपूर्वी याच माणसाने आपल्याला हरवले होते, हे तो विसरला नव्हता एवढेच.

स्पास्कीचा जन्म ३० जानेवारी १९३७ चा, लेनिनग्राडचा. १९४१ मध्ये जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला तेव्हा मुलांना आगगाड्यांतून पूर्वेकडे हलवण्यात आले. बोरिस आणि त्याचा भाऊ त्यांत होते. किरोव्ह भागातल्या एका अनाथाश्रमात राहत असताना पाचव्या वर्षी त्याला बुद्धिबळाची ओळख झाली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, तो लेनिनग्राडला परतला आणि तिथल्या एका बेटावरील उद्यानातल्या बुद्धिबळ-मंडपात दिवसचे दिवस बसू लागला. पुढे व्लादिमीर झाक या प्रशिक्षकाने त्याला हाताखाली घेतले. व्हिक्टर कॉर्चनॉयही याच झाकचा शिष्य. १९४७ मध्ये बोटविनिकने लेनिनग्राडमध्ये एकाच वेळी अनेकांशी खेळण्याचे जे प्रदर्शन केले, त्यात दहा वर्षांच्या बोरिसने त्याला हरवले. बोटविनिक पुढच्याच वर्षी जगज्जेता झाला. बोरिसला लहान वयातच राज्याची शिष्यवृत्ती मिळू लागली आणि युद्धोत्तर हलाखीत त्या पैशांवर घरालाही आधार झाला. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण आज आपल्याकडे मुलाला बुद्धिबळात घालताना जे हिशेब मांडले जातात त्यांच्या अगदी उलटा हा हिशेब होता: तिथे मुलाचा खेळ घर चालवत होता.

१९५३ मध्ये बुखारेस्टच्या स्पर्धेत, सोळाव्या वर्षी, त्याने वासिली स्मिस्लोव्हला हरवले. त्याच वर्षी पुढे स्मिस्लोव्हने झुरिकची, जगज्जेत्याला कोण आव्हान देणार हे ठरवणारी आव्हानवीरांची स्पर्धा जिंकली, यावरून त्या विजयाचे मोल कळावे. १९५५ मध्ये स्पास्की अँटवर्पला कनिष्ठ गटाचा विश्वविजेता झाला आणि त्याच वर्षी ग्रँडमास्टर. अठराव्या वर्षी ग्रँडमास्टर होणे आज कुणाला विशेष वाटणार नाही, पण त्या वेळचा तो जगातला सर्वांत तरुण ग्रँडमास्टर होता.

आता ज्या डावाने त्याचे नाव बुद्धिबळाच्या बाहेरही गेले, तो जरा जवळून पाहू. १९६० ची लेनिनग्राडमधील सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धा. समोर डेव्हिड ब्रॉन्स्टाइन, ज्याने १९५१ मध्ये बोटविनिकशी जगज्जेतेपदाची लढत १२-१२ अशी बरोबरीत सोडवली होती. पांढऱ्या मोहऱ्यांनी स्पास्की किंग्ज गॅम्बिट खेळला. दुसऱ्याच चालीला राजासमोरचा आडोसा काढून प्यादे देऊ करणारी ही सुरुवात एकोणिसाव्या शतकात घरोघर खेळली जाई, पण विसाव्या शतकातल्या अव्वल खेळाडूंनी ती जवळजवळ मोडीत काढली होती. चौदाव्या चालीनंतरची स्थिती अशी होती की काळ्याचे एक प्यादे थेट ई२ पर्यंत (पटावरच्या घराचे नाव उभ्या स्तंभाचे अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा मिळून होते) घुसले होते आणि एफ१ वरच्या पांढऱ्या हत्तीला दम देत होते. आपण कोणीही असतो तर हत्ती हलवला असता किंवा वजिराने ते प्यादे मारले असते. स्पास्कीने घोडा डी६ वर नेऊन ठेवला. हत्ती तसाच सोडला, आणि तोही अशा रीतीने की प्याद्याने तो मारला तर त्या प्याद्याचा वजीर होऊन वर शहही बसावा. त्या बदल्यात त्याला काय मिळाले? घोडा तिथून एफ७ वर उतरला, काळ्या राजाभोवतीची तटबंदी फुटली, आणि तेविसाव्या चालीला ब्रॉन्स्टाइनने डाव सोडला. नंतरच्या विश्लेषणात काळ्याला अधिक चिवट बचाव सापडला: उंटाने तो घोडा तिथेच मारायला हवा होता. पण मी जेव्हा जेव्हा हा डाव वर्गात मांडतो आणि पंधराव्या चालीपाशी थांबून मुलांना विचारतो, तेव्हा सगळे हात हत्तीकडे जातात. आणि घोडा उचलल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मी इतक्या वर्षांत दुसऱ्या फार थोड्या चालींना अनुभवली आहे.

१९६३ च्या एका जेम्स बाँडपटाच्या सुरुवातीला बुद्धिबळाचा जो सामना दाखवला आहे, त्यात याच डावाची शेवटची स्थिती वापरली आहे. फक्त मधली दोन पांढरी प्यादी पटावर नाहीत. ज्यांनी स्पास्कीचे नावही ऐकले नव्हते अशा कोट्यवधी प्रेक्षकांनी त्याचा डाव रेक्याविकच्या नऊ वर्षे आधी पडद्यावर पाहिला होता. त्याच १९६० साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता येथे स्पास्की आणि फिशर प्रथम समोरासमोर आले. पुन्हा किंग्ज गॅम्बिट, पुन्हा स्पास्कीचा विजय. दोघांनी स्पर्धेचे पहिले स्थान वाटून घेतले, पण तो पराभव सतरा वर्षांच्या फिशरला इतका लागला की पुढच्या वर्षी त्याने किंग्ज गॅम्बिटच निकालात काढल्याचा दावा करणारा लेख लिहिला.

तरीही जगज्जेतेपदाची वाट सरळ नव्हती, आणि त्याच्या लोकप्रियतेत या अडखळण्याचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. १९५८ मध्ये रिगा येथील सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत तो मिखाईल तालशी खेळत होता. डाव तहकूब झाला तेव्हा त्याची बाजू वरचढ होती, बरोबरीनेही पुढची आशा टिकली असती, पण जिंकण्याच्या ईर्ष्येने खेळत राहून तो हरला आणि आंतरविभागीय स्पर्धेची, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरच्या पात्रता स्पर्धेची, संधी गेली. ताल तिथून पुढे जाऊन दोन वर्षांत जगज्जेता झाला. १९६१ मध्ये पुन्हा अखेरच्या फेरीत लिओनिद स्टाइनकडून पराभव आणि पुन्हा संधी हुकली. त्या काळी सोव्हिएत संघातून बाहेर पडून जगाशी खेळायला मिळणे हेच जगातले सर्वांत अवघड काम होते. अजिंक्यपद स्पर्धेत सातवा-आठवा आलेला खेळाडू इतर कोणत्याही देशात निर्विवाद पहिला ठरला असता. या दोन पराभवांनंतर कित्येकांची उमेद खचली असती. स्पास्कीने इगोर बोंडारेव्हस्की हा नवा प्रशिक्षक धरला आणि १९६१ च्याच अखेरीस बाकू येथे तो सोव्हिएत विजेता झाला.

१९६५ च्या आव्हानवीरांच्या लढतींत त्याने पाउल केरेस, येफिम गेलर आणि शेवटी तिबिलिसीत ताल यांना ओळीने हरवले. तिघांच्या तीन तऱ्हा होत्या: केरेस सर्वांगीण आणि शैलीदार, गेलर प्रारंभीच्या तयारीत अभ्यासाचा डोंगर, आणि ताल म्हणजे आगीशी खेळणारा. स्पास्कीने तिघांना तीन वेगळ्या तऱ्हांनी हरवले. तालविरुद्ध तर त्याने काळ्या मोहऱ्यांनी मार्शल हल्ला वापरला, म्हणजे एक प्यादे देऊन पुढाकार आपल्याकडे घेतला, आणि हल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तालला बचावाला बसवले. १९६६ मध्ये तिग्रान पेट्रोस्यानविरुद्धची जगज्जेतेपदाची लढत तो एका गुणाने, ११.५-१२.५ अशी हरला. कुणीही म्हटले असते की संधी संपली. त्याने पुन्हा पहिल्यापासून चढाई सुरू केली, १९६८ मध्ये गेलर, बेंट लार्सन आणि कॉर्चनॉय यांना प्रत्येकी तीन गुणांच्या फरकाने हरवले आणि १९६९ मध्ये मॉस्कोत पेट्रोस्यानला १२.५-१०.५ ने नमवून तो दहावा जगज्जेता झाला. पेट्रोस्यान हा कदाचित इतिहासातील सर्वांत अभेद्य खेळाडू. त्याला त्या लढतीच्या एकोणिसाव्या डावात स्पास्कीने अवघ्या २४ चालींत डाव सोडायला लावला. एक मोहरे मारू दिले, घोडा जी५ वर आणला, आणि पेट्रोस्यानने हात पुढे केला.

खेळाडू स्पास्कीला ‘सर्वांगीण’ खेळाडू म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हेच असते. कारपोव्हचा डाव पाहिला की दोन-चार चालींत त्याची शैली ओळखू येते, तालचीही येते. स्पास्कीची येत नाही. त्याला कोणत्याही स्थितीची अॅलर्जी नव्हती. वजिरांची अदलाबदल झालेले रुक्ष शेवट तो तितक्याच सहजपणे खेळे, आणि सिसिलियन बचावाच्या बंदिस्त प्रकारात राजाच्या बाजूने प्यादी रेटत नेणारे त्याचे हल्ले तर आजही आदर्श म्हणून शिकवले जातात. त्याच्या वाट्याचे एक आकडेवारीतले सत्य फारसे सांगितले जात नाही, ते इथे नोंदवतो: स्मिस्लोव्ह, ताल, पेट्रोस्यान, फिशर, कारपोव्ह आणि कास्पारोव्ह या सहा जगज्जेत्यांना त्याने प्रत्येकी किमान दोनदा हरवले. कास्पारोव्हला हरवले ते १९८१ आणि १९८३ मध्ये, म्हणजे स्वतः पंचेचाळिशीच्या आसपास असताना.

१९७० मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. सोव्हिएत संघाने तो २०.५-१९.५ असा कसाबसा जिंकला, पण पहिल्या पटावर स्पास्कीने लार्सनला सतरा चालींत हरवले तो डाव मात्र सामन्याहून मोठा ठरला. घोडा आधीच सोडून दिला होता. चौदाव्या चालीला काळा हत्ती थेट एच१ वर, पांढऱ्या हत्तीच्या तोंडात जाऊन बसला, केवळ एका प्याद्याला पुढचे घर मोकळे व्हावे म्हणून. त्याच वर्षी सीगेनच्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, फिशरलाही त्याने हरवले. म्हणजे रेक्याविकला दोघे भेटले तेव्हा आपसातला हिशेब असा होता: स्पास्कीचे तीन विजय, दोन बरोबरी, फिशरचा एकही विजय नाही.

आता रेक्याविक. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या शीतयुद्धाने या लढतीला जे रूप दिले त्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून त्यातले मोजकेच घेतो. फिशर उद्घाटनालाही आला नाही. ब्रिटिश वित्तव्यवसायी जिम स्लेटर यांनी बक्षिसाची रक्कम दुप्पट केली, अमेरिकेच्या अध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी दूरध्वनी केला, तेव्हा तो आला. ११ जुलै १९७२ रोजी पहिला डाव सुरू झाला. बरोबरीकडे झुकलेल्या स्थितीत फिशरने उंटाने एच२ वरचे प्यादे खाल्ले, उंट अडकला आणि डाव गेला. दुसऱ्या डावाला, कॅमेऱ्यांचे कारण सांगून, तो आलाच नाही. गुण २-०.

इथे थोडे थांबायला हवे. लढत सोडून स्पास्की मायदेशी परतला असता तर त्याला दोष देणे कठीण होते. प्रतिस्पर्ध्याने उशीर केला होता, अटींवर अटी घातल्या होत्या, जगज्जेत्याला ताटकळत ठेवले होते; फिशरला हाताने लिहिलेले क्षमापत्रही द्यावे लागले होते. मॉस्कोहून क्रीडा समितीच्या अध्यक्षांचा दूरध्वनी आला आणि त्यांनी स्पास्कीवर कडक भूमिका घेण्यासाठी, गरज पडल्यास लढत सोडून परतण्यासाठी दबाव आणला. सोव्हिएत व्यवस्थेत त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला नकार देणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. स्पास्कीने नकार दिला. त्याला खेळायचे होते. एवढेच नव्हे, तर तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका लहान खोलीत खेळवावा ही फिशरची मागणीही त्याने मान्य केली. त्या खोलीत फिशरने अकराव्या चालीला घोडा एच५ वर ठेवून आपल्या राजासमोरची प्यादी मोडू दिली, कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाईट ठरावी अशी चाल, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्पास्कीला हरवले. तिथून दहाव्या डावापर्यंतच्या आठ डावांत फिशरने साडेसहा गुण मिळवले. पुढे स्पास्कीने स्वतःच मान्य केले की त्या खोलीत जायला होकार देणे ही त्याची मानसिक पातळीवरची चूक होती.

एक प्रशिक्षक म्हणून मला ती चूक दिसते. लढतीत प्रतिस्पर्ध्याला त्याच्या अटींवर परत येऊ देणे हे व्यावसायिक शहाणपण नव्हे, आणि मी माझ्या विद्यार्थ्याला तसे करू नको असेच सांगेन. परंतु माणूस म्हणून मला त्या निर्णयापुढे मान तुकवाविशी वाटते, आणि जगातल्या बहुतेक बुद्धिबळपटूंनी तेच केले. न खेळता पद राखण्यापेक्षा खेळून गमावणे त्याने पसंत केले. तो खोलीत गेला नसता तर बुद्धिबळाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली लढत झालीच नसती, हे साधे सत्य आहे.

सहाव्या डावाचा प्रसंग तर सर्वांना ठाऊक असावा. आयुष्यभर राजासमोरच्या प्याद्याने सुरुवात करणाऱ्या फिशरने त्या दिवशी सी४ खेळून डाव वजिराच्या गॅम्बिटमध्ये नेला आणि स्पास्कीच्याच हुकमी बचावाविरुद्ध असा निर्दोष डाव खेळला की शेवटी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि पटावर नुकताच हरलेला जगज्जेता प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवू लागला. जगज्जेतेपद हातातून निसटत असताना, मागे एका महासत्तेची नाराज नोकरशाही उभी असताना, समोरच्याच्या डावाचे सौंदर्य त्याला दिसत होते आणि ते त्याने लपवले नाही. फिशरसारखा माणूसही या कृतीने हलला.

हे सांगताना एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘चांगला हरणारा’ एवढीच स्पास्कीची ओळख करून देणे अन्यायाचे आहे. लढतीच्या अकराव्या डावात फिशरने आपले आवडते ‘विषारी प्यादे’ (खाणाऱ्या वजिराला धोक्यात आणणारे आमिष) खाल्ले आणि वजीर पटाच्या कडेला नेला, तेव्हा चौदाव्या चालीला स्पास्कीने सी३ वरचा घोडा मागे बी१ वर, डाव सुरू होताना तो जिथे असतो त्या घरी, परत नेला. पटाच्या मध्यभागी लढाई पेटलेली असताना घोडा घरी नेणे हे नवशिक्याने केले तर आपण त्याला रागावू. इथे त्या एका चालीने फिशरच्या वजिराची परतीची वाट आवळली गेली आणि अखेर वजीर अडकला. चौदाव्यापासून विसाव्यापर्यंत सलग सात डाव बरोबरीत सुटले, आणि त्यातल्या अनेकांत जिंकण्याचा प्रयत्न स्पास्की करत होता. स्पास्कीवर बाहेरून प्रभाव टाकला जात असल्याचा संशय घेणाऱ्या, त्याच्याच पथकातील गेलरने काढलेल्या निवेदनानंतर खुर्च्या आणि दिवे तपासले गेले, दिव्यात दोन मेलेल्या माश्या सापडल्या. या गोंधळात लढतीच्या उत्तरार्धातला तो खेळ झाकोळला. एकविसावा डाव तहकूब झाला आणि १ सप्टेंबरला स्पास्कीने दूरध्वनीवरून तो सोडला. १२.५-८.५.

मायदेशी त्याचे स्वागत थंड झाले. तो कधीही कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य झाला नव्हता, अमेरिकेतील कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांच्या समर्थनार्थ काढलेल्या पत्रकावर सही करायला त्याने जगज्जेता असताना नकार दिला होता. अशा माणसाला पराभवानंतर वाली कोण? त्याने उत्तर पटावर दिले. १९७३ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत कारपोव्ह, कॉर्चनॉय, पेट्रोस्यान, ताल, स्मिस्लोव्ह, केरेस, गेलर असे सगळे होते. अशी ताकद एका स्पर्धेत क्वचितच एकवटली असेल. स्पास्की एका पूर्ण गुणाच्या आघाडीने पहिला आला. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा विजय असे माझे ठाम मत आहे, जगज्जेतेपदाच्या लढतीहूनही मोठा, आणि सर्वसामान्य वाचकाला त्याची जवळजवळ काहीच माहिती नसते याचे मला वाईट वाटते.

त्यानंतरचा काळ उताराचा आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९७४ मध्ये कारपोव्हने त्याला आव्हानवीरांच्या उपांत्य लढतीत हरवले. फ्रेंच नागरिक असलेल्या मरीना श्चेर्बाचेव्हाशी विवाह झाल्यावर १९७६ मध्ये तो फ्रान्समध्ये स्थायिक झाला. १९७७-७८ मध्ये बेलग्रेडला कॉर्चनॉयविरुद्धच्या लढतीत तो स्वतःच्या चालीचा विचार मंचाच्या मागच्या कक्षात बसून, भिंतीवरचा मोठा पट पाहत करू लागला. समोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हे अपमानास्पद वाटणे स्वाभाविक होते, आणि रेक्याविकच्या स्पास्कीला ते शोभणारे नव्हते. १९८३ मध्ये लिनारेसला कारपोव्हच्या पुढे पहिला आला, ती अखेरची मोठी झळाळी. नंतरच्या वर्षांत तो वीस-बावीस चालींत बरोबरी घेऊन उठू लागला. १९८४ पासून ऑलिम्पियाडमध्ये तो फ्रान्सकडून खेळला.

मात्र याच काळात त्याच्याविषयीचे प्रेम वाढत गेले, आणि त्याचे कारण पुन्हा फिशर. जगज्जेतेपद गेल्यावर एक ओझे उतरल्यासारखे वाटले, असे तो सांगत असे. ज्याने ते उतरवले त्याच्याविषयी त्याने आयुष्यभर कडवट शब्द काढला नाही. १९९२ मध्ये स्वेती स्तेफान आणि बेलग्रेड येथे दोघे पुन्हा खेळले, फिशरने दहा डाव जिंकले, स्पास्कीने पाच. युगोस्लाव्हियावर निर्बंध असताना खेळल्याबद्दल फिशरवर अमेरिकेत अटकेचे वॉरंट निघाले, आणि २००४ मध्ये त्याला जपानमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. तेव्हा जुने सहकारी दूर राहणे पसंत करत होते. फिशरची त्या काळातली वक्तव्ये इतकी विषारी होती की दूर राहणाऱ्यांना दोष देता येत नाही. स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. फिशरला दया दाखवावी. आणि ते शक्य नसेल तर आपणही त्याच्याबरोबर खेळलो आहोत, तेव्हा आपल्यालाही अटक करून त्याच्याच कोठडीत ठेवावे आणि बुद्धिबळाचा एक पट द्यावा, असा त्या पत्राचा आशय होता.

आपल्या प्रश्नाच्या शेवटी आपण विचारले आहे की मुलाला स्पास्कीची ओळख करून द्यायची तर कुठून सुरुवात करावी. रेक्याविकपासून करू नका. प्रथम १९६० चा ब्रॉन्स्टाइनविरुद्धचा डाव खऱ्या पटावर, खऱ्या मोहऱ्यांनी, संगणक बंद ठेवून मांडा. मग १९७० चा लार्सनविरुद्धचा, तो मुलांना पाठ होतो. मग पेट्रोस्यानविरुद्धचा एकोणिसावा. हे तीन झाले आणि मुलाला पांढऱ्या-काळ्या दोन्ही बाजूंनी हल्ल्याची चव कळली, की रेक्याविकचा अकरावा डाव घ्या, तेराव्या चालीनंतर थांबा, पुढच्या चालीवर कागद ठेवा आणि मुलाला हवा तितका वेळ द्या. तो पुढे जाणाऱ्या सगळ्या चाली शोधून काढील. घोडा घरी नेण्याची चाल त्याला सापडली नाही तर तुम्हीही सांगू नका. दुसऱ्या दिवशी तीच स्थिती पुन्हा मांडा.